वेशीबाहेर न पडलेले गाव
ईम येथील सेंट लॉरेन्सच्या प्रार्थनामंदिराची कथा

नाताळ म्हटला की इंग्लंडच्या खेड्यातील प्रार्थनामंदिराचे एक ठरावीक चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. बर्फाने झाकलेले छप्पर, चौकोनी दगडी मनोरा, काचेच्या रंगीत खिडक्यांतून बाहेर झिरपणारा मेणबत्त्यांचा मंद प्रकाश आणि घंटानाद ऐकून पायवाटेने येणारी कुटुंबे. शुभेच्छापत्रांनी हे चित्र आपल्या घराघरांत पोहोचविले आहे. परंतु अशा प्रत्येक देवळाला त्या चित्रात न मावणारा एक इतिहास असतो. डार्बीशर परगण्यातील डोंगराळ भागात वसलेल्या ईम या खेड्यातील सेंट लॉरेन्सच्या देवळाचा इतिहास तर असा आहे की, तो वाचल्यावर ते शुभेच्छापत्र काही काळ बाजूस ठेवावेसे वाटते.

गावाचे नाव इंग्रजी अक्षरांत पाहिले तर कोणीही ‘इयाम’ असेच वाचील. उच्चार मात्र ‘ईम’ असा आहे. चुनखडीच्या टेकड्या, मेंढ्यांची कुरणे आणि जमिनीखाली शिशाच्या खाणी, यांवर हे गाव शतकानुशतके जगत आले. देवळाच्या आवारात एक दगडी क्रूस उभा आहे. तो देवळाहूनही जुना, म्हणजे साधारणतः सातव्या ते नवव्या शतकांतला. पूर्वी तो माळावरच्या गाडीवाटेलगत होता. पुढे केव्हातरी तेथून उचलून येथे आणण्यात आला. त्याच्या दांड्याचा काही भाग नाहीसा झाला असला तरी अंगावरचे गुंतागुंतीचे कोरीव काम आजही स्पष्ट आहे. आजच्या इमारतीचा मुख्य भाग चौदाव्या शतकातला. पण आत नॉर्मन काळातले खांब आहेत आणि बाप्तिस्म्याचे दगडी पात्र त्याहूनही जुने मानले जाते. बाहेरच्या भिंतीवर १७७५ सालचे मोठे सूर्यघड्याळ आहे. जगातील दूरदूरच्या शहरांतील वेळाही त्यावर दर्शविल्या आहेत. ज्या गावाने एके काळी आपण होऊन जगाशी संबंध तोडला, त्याच गावाच्या देवळावर जगाच्या वेळा सांगणारे घड्याळ असावे, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

तो संबंध तोडण्याचा प्रसंग १६६५ सालचा. त्या उन्हाळ्यात लंडन शहर प्लेगने उजाड होत होते. ईमपासून लंडन दीडशे मैलांच्या आसपास. साथीची वार्ता गावात आली असेल, पण भय आले नसावे. ऑगस्टच्या अखेरीस गावातल्या शिंप्याच्या घरी लंडनहून कापडाची पेटी आली. कापड दमट होते, म्हणून घरात राहणाऱ्या जॉर्ज व्हिकर्स नावाच्या कारागिराने ते उलगडून विस्तवापुढे वाळत घातले. त्या कापडात पिसवा होत्या, असे आज सांगितले जाते. त्या वेळी कोणालाच तशी शंका येण्याचे कारण नव्हते. ७ सप्टेंबर रोजी व्हिकर्स मरण पावला. त्यानंतर त्याच घरातला लहान मुलगा गेला, मग शेजारघरे. ऑक्टोबर महिन्यात तेवीस माणसे दगावली. थंडी पडू लागली तशी साथ मंदावली, आणि लोकांना वाटले की संकट टळले.

त्या वर्षीचा नाताळ असा आला. डिसेंबरातही मृत्यू झालेच, पण ते थोडे. देऊळ उघडे होते आणि वेदीपाशी गावाचा नवा रेक्टर उभा होता. विल्यम मॉम्पेसन त्याचे नाव. वय तिशीच्या आतले. १६६४ साली तो आपली तरुण पत्नी कॅथरिन आणि दोन लहान मुले यांच्यासह येथे आला होता. गावाचे मन मात्र त्याच्यावर अद्याप बसले नव्हते. याचे कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी झाली, राजाचा शिरच्छेद झाला आणि काही काळ प्युरिटन पंथीयांचे राज्य आले, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊकच आहे. त्या काळात पार्लमेंटने १६४७ साली नाताळचा सणच रद्द केला होता! बायबलात ज्याला आधार नाही असा हा उत्सव आहे, त्यात खाणेपिणे आणि नाचगाणे फार, असे त्या कडव्या मंडळींचे म्हणणे. ईमच्या देवळात १६४४ पासून टॉमस स्टॅन्ले हा प्युरिटन मताचा धर्मोपदेशक होता आणि गावकऱ्यांचा तो मोठा आवडता होता. १६६० मध्ये राजा परतला, नाताळही परतला आणि स्टॅन्लेला आपली जागा सोडावी लागली. १६६२ च्या कायद्याने सर्व धर्मोपदेशकांवर राजमान्य प्रार्थनापुस्तक स्वीकारण्याचे बंधन घातले. ते ज्यांनी मानले नाही त्यांत स्टॅन्लेही होता. पुढे १६६५ साली आणखी एक कायदा झाला. पदच्युत धर्मोपदेशकाने आपल्या जुन्या पॅरिशपासून पाच मैलांच्या आत राहू नये, असे त्यात फर्मान होते. स्टॅन्ले तरीही ईमच्या परिसरातच राहिला. म्हणजे गावात धर्मोपदेशक दोन. एक कायद्याचा आणि एक लोकांच्या मनातला. एकाच्या दृष्टीने नाताळ ही वर्षातील पवित्र पर्वणी, तर दुसऱ्याच्या पंथाने ती कायद्याने बंद केलेली. एरवी अशी माणसे एकमेकांच्या सावलीलाही उभी राहिली नसती.

१६६६ च्या मे महिन्यात मृत्यू जवळजवळ थांबले. पण जूनमध्ये उष्मा वाढला आणि साथ पुन्हा उसळली. ज्यांना शक्य होते अशा काही सुखवस्तू कुटुंबांनी गाव आधीच सोडले होते. आता सामान्य लोकही गाठोडी बांधू लागले. खाणकामगार आणि मेंढपाळ जाणार तरी कोठे? कोणी शेफील्डकडे पाहत होते, कोणी शेजारच्या खेड्यांतील नातलगांकडे. रोग त्यांच्याबरोबर सगळ्या परगण्यात पसरणार हे मॉम्पेसनला दिसत होते. पण गावाला थांबविण्याइतके आपल्या शब्दाला वजन नाही, हेही त्याला कळत होते. तो स्टॅन्लेकडे गेला. आणि स्टॅन्लेने, ज्याची जागा या तरुणाने घेतली होती त्याने, हात पुढे केला. मला या साऱ्या कथेत हा क्षण सर्वांत मोठा वाटतो. पुढे जे घडले ते धैर्याचे होते. हे त्याहून अवघड, मानापमान गिळण्याचे होते.

दोघांनी मिळून गावापुढे तीन गोष्टी ठेवल्या. पहिली, मृतांना देवळाच्या आवारात न पुरता ज्याने त्याने आपल्या शेतात किंवा बागेत लगोलग पुरावे. दुसरी, देऊळ बंद करून प्रार्थना गावाजवळच्या कक्लेट डेल्फ नावाच्या दरीत, उघड्यावर, कुटुंबाकुटुंबांनी अंतर राखून व्हावी. तिसरी, गावाने स्वतःभोवती सीमा आखून घ्यावी. साथ संपेपर्यंत कोणीही बाहेर जाऊ नये, कोणी आत येऊ नये. यांतील पहिल्या दोन गोष्टींचे मोल आज आपल्या लक्षात पटकन येत नाही. सतराव्या शतकातील ख्रिस्ती माणसाला देवळाच्या पवित्र भूमीत, घंटानादात आणि धर्मोपदेशकाच्या मंत्रोच्चारात दफन न मिळणे म्हणजे मरणानंतरही अनाथ राहणे. आपल्याकडे एखाद्याला अग्निसंस्कार आणि दहावे-तेरावे नाकारावे, तसे ते होते. गावाने तेही मान्य केले.

या निर्णयाला बाहेरून मदत मिळाली नसती तर गाव रोगाआधी उपासमारीने मेले असते. जवळच्या चॅट्सवर्थ येथील डेव्हनशरच्या अर्लने अन्नधान्याचा पुरवठा करण्याचे आश्वासन दिले आणि ते पाळले. शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाच्या वाटेवर एक मोठी शिळा आहे. तिला सहा भोके आहेत. ईमचे लोक त्या भोकांत व्हिनेगर ओतून त्यात पैशांची नाणी टाकीत. बाहेरचे लोक येऊन जिन्नस ठेवीत आणि नाणी उचलून नेत. दुसऱ्या बाजूस, माळाच्या चढावर एक झरा आहे. त्याचे नाव आज मॉम्पेसनची विहीर असेच पडले आहे. तेथेही असाच व्यवहार चाले. देणारा आणि घेणारा एकमेकांना केवळ दुरून दिसत.

जुलैमध्ये छप्पन्न माणसे गेली. ऑगस्टमध्ये हा आकडा पाऊणशेच्या वर गेला. रायली नावाच्या शेतावर राहणाऱ्या एलिझाबेथ हॅनकॉक या स्त्रीने त्या महिन्यात आठ दिवसांत आपला पती आणि सहा मुले स्वतःच्या हाताने पुरली. प्रेताला स्पर्श होऊ नये म्हणून पायाला फडके बांधून ती ते ओढीत नेई, असे परंपरा सांगते. समोरच्या टेकडीवरून स्टोनी मिडलटनचे लोक हे पाहत होते, पण मदतीला येऊ शकत नव्हते. ती स्वतः वाचली. माळावर वर्तुळाकार भिंतीच्या आत त्या सात जणांच्या थडग्यांचे दगड अजूनही आहेत.

ज्यांच्या घरी पुरायला कोणी उरले नाही त्यांच्यासाठी मार्शल हाऊ नावाचा धिप्पाड खाणकामगार पुढे येई. त्याला रोग होऊन गेला होता, म्हणून आता आपल्याला काही होणार नाही अशी त्याची खात्री. मेलेल्याच्या घरातली चीजवस्तू ही त्याची मजुरी. एकदा तो एकाला खांद्यावर टाकून निघाला असता त्या ‘प्रेता’ने पिण्यास काही गरम द्या म्हणून मागणी केली आणि तो माणूस पुढे बरा झाला, अशी आख्यायिका आहे. मार्गारेट ब्लॅकवेल ही मुलगी तापाच्या भरात दूध समजून डुकराच्या मांसाची गरम चरबी प्याली आणि तीही वाचली. संकटाच्या काळातल्या अशा विनोदी गोष्टी लोक का जपून ठेवतात, हे सांगायला नको. मार्शल हाऊच्या गोष्टीचा शेवट मात्र विनोदी नाही. त्याने घरी आणलेल्या वस्तूंमागोमाग त्याची बायको आणि मुलगाही गेले.

एमट सिडल हिची कथा इंग्लंडात सर्वांत अधिक सांगितली जाते. ती ईमची, तिचा वाग्दत्त वर रोलंड टॉर स्टोनी मिडलटनचा. तिच्या घरात मृत्यू शिरल्यावर दोघे दरीच्या दोन अंगांना उभे राहून एकमेकांना नुसते पाहत. एप्रिलच्या अखेरीस ती येईनाशी झाली. तो पुढेही येत राहिला, आणि गाव मोकळे झाल्यावर सर्वप्रथम आत शिरणाऱ्यांत तो होता. देवळात विसाव्या शतकात बसविलेल्या रंगीत काचेच्या खिडकीत ही सारी मंडळी आहेत.

मॉम्पेसनने आपली दोन मुले आरंभीच बाहेर पाठविली होती. याबद्दल काही टीकाकार त्याला दोष देतात, आणि तो दोष अगदीच निराधार नाही. ज्याला सोय होती त्याने ती वापरली. पण त्याची पत्नी कॅथरिन मात्र जाण्यास तयार झाली नाही. ती पतीबरोबर घरोघरी रोग्यांकडे जात राहिली. ऑगस्टमधील एका संध्याकाळी दोघे शेतातून चालत असता ती म्हणाली की हवेला किती गोड वास येतो आहे. गोड वास येणे हे त्या काळी रोगाचे लक्षण समजले जाई. २५ ऑगस्ट रोजी ती गेली. तिचे वय सत्तावीस. तिची समाधी मात्र देवळाच्या आवारातच, त्या जुन्या क्रूसाजवळ आहे. स्वतः घातलेला नियम रेक्टरने पत्नीसाठी मोडला काय, हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे. मला तो विचारावासा वाटत नाही.

तिच्या मृत्यूनंतर त्याने मुलांना आणि आपल्या आश्रयदात्याला लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. २० नोव्हेंबर १६६६ च्या आणखी एका पत्रात त्याने हिशेब दिला आहे : शहात्तर कुटुंबांत रोग शिरला आणि २५९ माणसे दगावली. शेवटचा मृत्यू नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेचा. त्यानंतर गावाने कपडेलत्ते आणि अंथरुणे जाळली. गावाची मूळ वस्ती साडेतीनशे होती आणि त्र्याऐंशीच उरले, असे जुन्या पुस्तकांतून वाचावयास मिळते. अलीकडच्या संशोधकांच्या मते वस्ती सुमारे दुप्पट असावी. तसे धरले तरी दर तीन माणसांमागे एकाहून अधिक माणूस गेले. आणि रोग त्या सीमेपलीकडे गेला नाही.

या कथेभोवती काव्याचे बरेच आवरण चढले आहे. अठराव्या शतकात ईममध्येच जन्मलेली कवयित्री ॲना सिवर्ड हिने, आणि १८४२ साली विल्यम वुड या स्थानिक इतिहासकाराने ती रसाळपणे लिहिली. प्रेमकथा, गोड वास, खांद्यावरचे बोलते प्रेत हे तपशील बहुतेक अशा पिढ्यान्पिढ्यांच्या मुखांतून आलेले. काही आधुनिक इतिहासकार तर विचारतात की गावकऱ्यांपुढे खरोखर पर्याय होता काय? गरिबाला आश्रय कोण देणार होता? शेजारच्या गावांनी त्यांना दगड मारून परतविलेच असते. त्यांच्या प्रश्नात तथ्य आहे. पण मला वाटते, जायला जागा नाही म्हणून थांबणे आणि आपल्यामुळे दुसरे मरू नयेत म्हणून थांबणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी असू शकतात. देऊळ बंद करणे आणि पवित्र भूमीवरचा हक्क सोडणे यांसाठी कोणी बाहेरून सक्ती केली नव्हती.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने त्या निर्णयात एक क्रूर विसंगती होती, आणि ती उलगडण्याचा धागा आपल्या मुंबई इलाख्याशी येऊन मिळतो. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये यर्सिनने शोधला. तो उंदराकडून माणसाकडे पिसवेच्या द्वारे येतो, हे मात्र पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखविले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती आणि मुंबई, पुणे प्लेगने होरपळत होते. आपल्याकडे त्या दिवसांत लोक घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहत. उंदीर पडू लागले की गावाबाहेर पडावे, एवढे त्यांना अनुभवाने कळले होते. ईमच्या लोकांनी नेमके उलट केले. त्यांतले थोडे जवळच्या घळींत झोपड्या बांधून राहिले, पण बहुतेक उंदीर-पिसवांनी भरलेल्या घरांतच राहिले. अलीकडे, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासात, ईममधील बहुसंख्य लागण उंदरांपेक्षा माणसाकडून माणसाला, बहुधा अंगावरच्या पिसवा-उवांमधून, झाली असावी असे अनुमान आहे. ते खरे असेल तर अंतर राखून उघड्यावर प्रार्थना करण्याचा निर्णय त्या काळाच्या ज्ञानापेक्षा पुष्कळ पुढचा ठरतो, आणि घरातल्याच माणसाने घरातल्याला पुरण्याचा निर्णय तितकाच घातक.

प्लेगच्या रोग्याला सोडून न जाणाऱ्यांची नावे आपल्याकडेही आहेत. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी पुण्यात याच रोगाने गेल्या, रोग्यांची शुश्रूषा करता करता. कॅथरिन मॉम्पेसनच्या समाधीविषयी वाचताना मराठी माणसाला त्यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

मॉम्पेसनची पुढची हकीकत थोडक्यात सांगता येईल. १६६९ साली त्याला नॉटिंगहॅमशरमधील ईक्रिंग येथे नेमण्यात आले. तेथील लोकांनी त्याला भयाने गावात घेतले नाही. काही काळ तो गावाबाहेर एका झोपडीत राहिला, असे सांगतात. पुढे तो वृद्ध होऊन तेथेच निवर्तला. स्टॅन्ले ईममध्येच राहिला आणि १६७० मध्ये मरण पावला. त्याला गावातून हाकलण्याची भाषा कोणी पुन्हा केली, तर आता गाव त्याच्या मागे उभे होते.

२०२० च्या मार्चमध्ये इंग्लंडमधील सर्व प्रार्थनामंदिरांचे दरवाजे महासाथीमुळे बंद झाले, तेव्हा ईमचे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत पुन्हा आले. विलगीकरण आणि अंतर हे शब्द आपल्याही तोंडी बसले होते. ईमच्या लोकांना मात्र त्यांसाठी नवे शब्द शोधावे लागले नसतील.

साथीच्या द्विशताब्दीपासून, म्हणजे १८६६ पासून, गावात ‘प्लेगचा रविवार’ पाळला जातो. आता तो ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी येतो. त्या दिवशी देवळातून मिरवणूक निघून कक्लेटच्या दरीत जाते आणि तेथे, १६६६ प्रमाणेच उघड्या आकाशाखाली, प्रार्थना होते. कॅथरिनच्या समाधीवर फुले वाहिली जातात. त्याच आठवड्यात गावातील विहिरी सजविण्याचा जुना उत्सव असतो. लाकडी चौकटींत ओली माती थापतात आणि तीत फुलांच्या पाकळ्या, पाने, बिया एकेक करून दाबून चित्रे उभी करतात. आपल्या रांगोळीची आठवण यावी असे ते काम आहे. ही चित्रे विहिरीपाशी उभी राहतात आणि पाकळ्या सुकल्या की काढून टाकतात. नाताळात मात्र दरीत कोणी जात नाही. देवळाचा दरवाजा उघडा असतो आणि घंटा वाजली की लोक त्याच पायवाटेने, त्या जुन्या क्रूसावरून आणि कॅथरिनच्या समाधीवरून, आत जातात.